पाणीगटाच्या नोंदी: ऑक्टोबर २०२३ ते ऑगस्ट २०२४

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांचा पट्टा आहे. इथल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. आमचं गाव याच पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, गटानेच तसं ठरवलं. मुख्य गाव, तिथून दोनेक किलोमीटरवर कोलामपोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि दोन्हींची ग्रामपंचायत एकच. अठरा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींचा गट बांधायचा, त्यांनी गावाचं पाणी तपासायचं, निकाल घरोघरी न्यायचा, ग्रामसभेत मांडायचा आणि पुढचा पाठपुरावाही त्यांनीच करायचा, असं काम ठरलं. प्रशिक्षण माझ्याकडे होतं. दुसऱ्या गावात कोणी हे हाती घेतलं तर त्यांचा वेळ वाचावा, म्हणून या नोंदी.

८ ऑक्टोबर २०२३

पहिली बैठक शाळेच्या व्हरांड्यात. खडकाचे थर, भूजल, फ्लोराइड कुठून येतं याची चित्रं नेली होती. अर्ध्या तासात पोरं कंटाळली. चित्रं गुंडाळून ठेवली आणि विचारलं: तुमच्या घरी प्यायचं पाणी कोण आणतं, कुठून आणतं, आणि तिथूनच का? मुलांची गाडी तिसऱ्या प्रश्नाला अडली. मुलींना सगळं माहीत होतं. कोणता हातपंप किती हापसल्यावर पाणी देतो, कुठे सकाळी सातनंतर गुंड (पाण्याची घागर) भरायला नंबर लागत नाही, कोणत्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही.

मग व्हरांड्यातच रांगोळीने गावाचा नकाशा काढला. मुली सांगत होत्या, मुलं काढत होती. बघायला थांबलेल्या एका आजीने काठीने गावठाणातली जुनी सार्वजनिक विहीर दाखवली. पोरांच्या लेखी ती विहीर नव्हतीच. कचरा टाकायची जागा होती.

एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली. तारीख, कोण होतं, काय पाहिलं, कोणी काय सांगितलं, पुढचं काम कोणाकडे, इतकंच लिहायचं. वही दर महिन्याला दुसऱ्याच्या घरी राहील. वही, रांगोळी आणि चहा मिळून खर्च दोनशेच्या आसपास.

१५ ऑक्टोबर

फिल्ड टेस्ट किटवर, म्हणजे जागेवरच पाणी तपासायच्या पेटीवर, सराव. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना हे किट वापरायला शिकवायचं असतं. आमच्याकडे किट आलेलं होतं, सील तसंच होतं. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी ते आनंदाने दिलं. आत पाहिलं तर दोन रसायनांची मुदत संपलेली. ती बाजूला काढली; फ्लोराइडचं द्रावण मुदतीत होतं.

या किटमध्ये पाण्यात द्रावण टाकलं की रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो. जितका पिवळा तितकं फ्लोराइड जास्त. रंग तक्त्याशी जुळवायचा. आम्ही संध्याकाळी बसलो होतो आणि एकाच नळीचे तीन जणांनी तीन आकडे सांगितले. कंदिली रंगाच्या उजेडात गुलाबी आणि पिवळ्यातला फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, सावलीत, पांढऱ्या कागदासमोर नळी धरून पुन्हा केलं तेव्हा सगळ्यांचे आकडे जवळ आले. कालची सगळी वाचनं वहीत खोडली. खोडलेलं वाचता येईल असं एकाच रेघेने खोडायचं, हा नियम तिथेच झाला.

किटवर आलेला आकडा कोणासमोर मांडायचा नाही, हेही ठरलं. किट आपल्याला इशारा देतं. भांडायला प्रयोगशाळेचा अहवालच लागतो.

२९ ऑक्टोबर

प्रयोगशाळेसाठी नमुने घेतले. एक फेरी वाया गेली, ती सविस्तर लिहिते, कारण ही चूक कुठेही होईल.

रासायनिक तपासणीचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायचा असतो, आणि हातपंप काही मिनिटं चालवून पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ दिल्यावर मगच भरायचा असतो. हे पोरांनी चांगलं पाठ केलं होतं. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक केलेली काचेची बाटली मिळते, आणि तिच्यात थोडं औषध आधीच घातलेलं असतं. पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे मारायला ते लागतं, नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. ती बाटली विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. आमच्या गटाने सवयीने तीही विसळली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं म्हणून कळलं. जीपभाडं आणि बर्फ धरून अठराशे रुपये आणि एक आठवडा गेला.

आता कॅनवर निळी चिकटपट्टी, काचेच्या बाटलीवर लाल. लाल म्हणजे विसळायचं नाही. बर्फाचा डबा आधी भरायचा, बाटली त्यानंतर. नमुना त्याच दिवशी पोहोचला पाहिजे, म्हणून निघायची वेळ एसटीच्या पहिल्या गाडीवर बांधली. पुढच्या फेरीला जीप लागलीच नाही.

५ नोव्हेंबर

बैठकीला निम्मी पोरं नाहीत. कापूस वेचणी सुरू झाली. किलोवर मजुरी मिळते, रविवारची वेचणी सोडली तर घरात तेवढे पैसे कमी येतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बैठक रात्री आठला नेली, तासाभरात संपवायची. मुलींना रात्री येता येईना, तेव्हा जागा बदलली: प्रत्येक वेळी गटातल्या एका मुलीच्या अंगणात. घरची माणसंही बसायला लागली. कोणाच्या तरी आईने काय विचारलं ते वहीत यायला लागलं, आणि गटाच्या कामाला खरी चालना तिथून मिळाली.

१९ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली फेरी पोडावर. १५ नोव्हेंबरला विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठीची पीएम-जनमन योजना जाहीर झाली. कोलाम समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, दुसरे कातकरी आणि माडिया गोंड. त्यामुळे पोडावर रस्ता, घर, नळ येणार अशी चर्चा होती. आम्ही पाण्याचं बोलायला गेलो आणि तासभर योजनेचेच प्रश्न आले. ठीक आहे. माणसं जे विचारतात तिथून सुरुवात करावी.

मी मराठीत बोलत होते, समोरून "हो ताई, हो ताई". गटातली पोडावरची मुलगी माझ्यामागे बसली होती. पोडाचे प्रमुख असलेल्या नाईकांनी तिला काहीतरी विचारलं, ती कोलामीत बोलायला लागली आणि बायका एकदम बोलत्या झाल्या. हातपंपाजवळ डबकं साचतं, त्यात गुरं बसतात. उन्हाळ्यात पंप कोरडा पडला की नाल्यातल्या झिऱ्याचं (वाळूत उकरलेल्या खड्ड्याचं) पाणी. मागे हातपंपाला फ्लोराइड काढायचं यंत्र बसवलं होतं, ते बंद आहे. त्यातला माल ठरावीक काळाने धुऊन पुन्हा तयार करावा लागतो किंवा बदलावा लागतो. ते कोणी करायचं हे कधी ठरलंच नव्हतं.

इथून पुढे पोडावरच्या सगळ्या बैठका ती मुलगी घेईल. मी गेले तर मागे बसेन.

३ डिसेंबर

अहवाल हातात. मुख्य गावातल्या दोन हातपंपांचं फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) फ्लोराइडची इष्ट मर्यादा १, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. पोडावरचा पंप या दोहोंच्या मधे. जुन्या विहिरीचं फ्लोराइड एकच्या आत, पण तिच्यात जंतू. नळयोजनेची टाकी ज्या बोअरवर बांधायची आहे ते बोअरही दीडच्या वर. म्हणजे घरोघरी नळ आला तरी नळातून हेच पाणी येणार. हे वाचल्यावर पोरं बराच वेळ काही बोलली नाहीत.

याच आठवड्यात एक गोष्ट थांबवली. पुरावा म्हणून शाळेतल्या मुलांच्या दातांचे फोटो काढायचं गटाच्या मनात होतं. दात तयार होत असण्याच्या वयात जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दातांवर पांढरे, मग तपकिरी पट्टे येतात; घासून ते जात नाहीत. एका आईने फोटोला नाही म्हटलं. तिच्या मोठ्या मुलीला शाळेत "दात घासत नाहीस" म्हणून उभं केलं होतं आणि आता तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. गटाने काढलेले सगळे फोटो तिच्यासमोर पुसले. मुलांच्या शरीराचा पुरावा करायचा नाही. पुरावा पाण्याचा आहे आणि तो प्रयोगशाळेने लिहून दिलेला आहे. ही आई पुढे महिला सभेत सगळ्यांत आधी उभी राहिली.

१७ डिसेंबर

घरभेटी. दोघादोघांची जोडी, एक मुलगी एक मुलगा, आणि एका संध्याकाळी चारपेक्षा जास्त घरं नाहीत. पहिल्या दोन संध्याकाळी दहा-बारा घरं उरकली होती आणि वहीत सगळीकडे "माहिती दिली" एवढंच होतं. तसल्या भेटीचा उपयोग नाही. आता प्रत्येक घरासमोर त्या घराने विचारलेला प्रश्न लिहायचा. लिहायला प्रश्न नसेल तर भेट झालीच नाही असं धरायचं.

आलेले प्रश्न असे. एक काकाजी: "पाणी त काचेवानी साफ दिसते, मंग खराब काहाले म्हणता?" फ्लोराइडला रंग, वास, चव नाही, हे सांगून भागत नाही. किट नेऊन त्यांच्यासमोर त्यांच्याच माठातलं पाणी पिवळं करून दाखवलं. दुसरा प्रश्न: उकळून प्यायलं तर? उकळल्याने जंतू मरतात; फ्लोराइड तसंच राहतं, उलट पाणी आटलं की वाढतं. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरी होता. "बापजाद्यानं हेच पाणी पेलं" असं म्हणणाऱ्या घरी पोरांनी विचारलं, आजोबा लहान असताना बोअर होतं का? नव्हतं. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर आणि हातपंप वाढले. त्याआधी इथे सगळे विहिरीचंच पाणी पीत. हे म्हाताऱ्या माणसांनी स्वतः सांगितलं, तेव्हा जुनी विहीर पुन्हा चर्चेत आली.

७ जानेवारी २०२४

माहितीचा अधिकार. मागच्या तीन वर्षांचे पाणी तपासणी अहवाल, नळयोजनेचं अंदाजपत्रक आणि हातपंप दुरुस्तीचा खर्च, असं सगळं एकाच अर्जात नोव्हेंबरमध्ये मागितलं होतं. उत्तर आलं: एका अर्जात एकच विषय. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज साधारण दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, हे आधीच पाहायला हवं होतं. महिना गेला. आज तीन वेगळे अर्ज केले, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज तीन वेगळ्या पोरांच्या नावाने, त्यांच्याच हस्ताक्षरात. ३० दिवसांची तारीख वहीत लाल शाईने.

एक मुलगा म्हणाला, "ताई, नाव आपलं टाकलं तर घरी फोन येईल." फोन आला. आधी त्याच्या वडिलांशी बोलून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. अर्ज करण्यापूर्वी घरच्यांशी बोलणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे, नंतरची मलमपट्टी नाही.

२१ जानेवारी

ग्रामसभेची रंगीत तालीम. एक जण सरपंच, एक ग्रामसेवक, दोघं गोंधळ घालणारे. मुद्दा मांडायला दोन मिनिटं. पहिल्या वेळी सगळ्यांनी भाषणं केली आणि मागणी कोणीच सांगितली नाही. मग क्रम बसवला: अहवालाचा आकडा, त्याचा अर्थ, मागणी, ठरावाचं वाक्य. ठरावाचं वाक्य लिहूनच न्यायचं, कारण सभेत जे बोललं जातं त्याचं इतिवृत्तात काय होईल याचा भरवसा नसतो.

ठरावात तीन गोष्टी घातल्या. नळयोजनेचा स्रोत तपासल्याशिवाय टाकीचं काम पुढे नेऊ नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायच्या) निधीतून जुन्या विहिरीचा कठडा आणि जाळी व्हावी. त्या निधीतला निम्मा भाग पाण्यासाठीच होता. दीडच्या वरच्या हातपंपांवर "पिण्यास अयोग्य, वापरण्यास योग्य" असं लाल रंगात लिहावं.

२६ जानेवारी

काल महिला सभा. आजवर ती कागदावरच व्हायची. या वेळी गटातल्या मुली घरोघरी जाऊन बायकांना घेऊन आल्या आणि तिन्ही मागण्या मंजूर झाल्या.

आज मुख्य सभा, गणपूर्ती नाही, तहकूब. पण बसलेल्या माणसांत एक महत्त्वाचा वाद झाला. गावाला हिरवं कार्ड आहे, मग पाणी खराब कसं, असं विचारलं गेलं. गटाकडे उत्तर नव्हतं.

रात्री आशाताईंकडून समजून घेतलं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. आजूबाजूला घाण आहे का, गळती आहे का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आहे का, साथ आली का, यावरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. फ्लोराइडचा त्या कार्डाशी संबंध नाही. हिरवं कार्डही खरं आणि अहवालही खरा. हे दोन ओळीत बोलता यायला पोरांना आठवडाभर सराव लागला.

४ फेब्रुवारी

तहकूब सभा पुन्हा भरली. ठराव झाला. गटातल्या सगळ्यांत अबोल मुलीने कार्डाचा आणि फ्लोराइडचा फरक सांगितला, सरपंचांनी तो उचलून धरला. सभा संपल्यावर इतिवृत्ताची प्रत मागितली. "उद्या या" असं उत्तर. उद्या, परवा, तेरवा. प्रत महिन्याच्या शेवटी मिळाली. तीनपैकी एक मागणी त्यात नव्हती, हातपंपांवर लाल रंगात लिहायची. वहीत सभेच्या वेळी लिहिलेला मजकूर होता आणि खाली वीसेक लोकांच्या सह्या होत्या. त्या दाखवल्यावर दुरुस्ती झाली. सभा चालू असतानाच वहीत लिहून, उठायच्या आत सह्या घ्यायच्या. हे ज्यांना पुढे करायचं आहे त्यांनी विसरू नये.

१६ मार्च

लोकसभेची आचारसंहिता लागली. नवं काम, नवी निविदा आता जूनपर्यंत नाही. मतदान १९ एप्रिलला. ठरावाची प्रत पंचायत समितीत दिलेली आहे, पोच आहे, पुढे काही हलणार नाही. दोन मुलं निराश होऊन यायची थांबली. एक पुण्याला कंपनीत लागला. त्याच्या जागेवर त्याने स्वतःच लहान बहिणीला बसवलं.

२० मार्च

१९२७ मध्ये याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. न्यायालयात शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

हे वाचून दाखवलं, आणि बौद्धवस्तीतली मुलगी म्हणाली, "आमची आजी गावठाणातल्या विहिरीवर कधीच गेली नाही. आम्हीही गेलो नाही. कोणी अडवलं नाही, पण गेलो नाही." खोलीत सगळे गप्प झाले. आम्ही पाच महिने त्या विहिरीचा नकाशा, अहवाल, ठराव करत होतो, आणि तिथे कोण पाणी भरणार हे कोणीच विचारलं नव्हतं.

त्या रात्री ठरलं ते असं. विहीर साफ झाली की पहिल्या दिवशी सगळ्या वस्त्यांतल्या बायका आणि पोरी एकत्र गुंड घेऊन जातील. वहीत नावं लिहिली. गावातल्या चार प्रतिष्ठित माणसांशी आधी बोलायचं. त्यासाठी गटातल्या मराठा आणि कुणबी घरांतल्या मुलांनी आपापल्या घरी आधी बोलावं, कारण त्यांच्या घरी त्यांचंच ऐकलं जाईल. एका घरी मोठं भांडण झालं. तो मुलगा तरी मागे हटला नाही.

१२ मे

आचारसंहितेत नवं सरकारी काम सुरू होत नाही, श्रमदानाला बंदी नाही. पाणी सगळ्यांत खाली गेलेलं, विहीर उपसायला हीच वेळ. मोटार एका शेतकऱ्याने दिली, डिझेलचे पैसे वर्गणीतून. गाळात प्लास्टिक, बाटल्या, मूर्ती, एक सायकलचं चाक. विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहिला. तो विझला तर आत उतरायचं नाही. मोटार वरच ठेवली, धूर आत जाऊ नये म्हणून. कमरेला दोर, वर धरणारे दोन जण. या गोष्टीत एका मुलाने घाई केली, त्याला त्या दिवशी कामावरून बसवलं.

गाळ काढून झाल्यावर जलसुरक्षकांनी (गावाच्या पाण्यात पावडर टाकायचं काम त्यांच्याकडे) भरपूर पावडर टाकून पाणी एकदा पूर्ण उपसून टाकलं.

२ जून

सगळ्या वस्त्यांतल्या बायका ठरल्याप्रमाणे आल्या. बौद्धवस्तीतली ती आजी आली, पोडावरच्या पाचजणी दोन किलोमीटर चालत आल्या. दोर, बादली, गुंड. कोणी भाषण केलं नाही. काही घरांचे दरवाजे बंद राहिले, हेही लिहून ठेवते.

९ जून

मोठी अडचण. लोक विहिरीचं पाणी सोडून पुन्हा हातपंपावर गेले. पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो म्हणतात.

शोधलं. विहिरीचा व्यास चार मीटर, पाण्याची खोली दोन मीटर. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले चार, म्हणजे साधारण २५ हजार लिटर. चांगल्या पावडरीचा ठोकताळा हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे त्रेसष्ट ग्रॅमच्या आसपास. त्या आठवड्याची पाळी असलेल्या जोडीने शाळेतलं सूत्र वापरलं, त्रिज्येच्या जागी व्यास घातला, आणि रोज अडीचशे ग्रॅम पावडर गेली. चौपट.

पाळी बदलली नाही. त्याच जोडीने घरोघरी जाऊन काय झालं ते सांगितलं आणि पाणी उपसलं. आता मोजायचं कामच नको म्हणून काठीवर खुणा केल्या: पाणी या खुणेपर्यंत, तर इतके चमचे. चमचा एकच, दोरीने डब्याला बांधलेला. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं. रात्री करायचं, म्हणजे सकाळपर्यंत काम होतं. सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला ते पाहायचं: नळीतलं पाणी फिकट पिवळं आलं पाहिजे. गर्द पिवळं आलं तर जास्त, रंगच नाही आला तर कमी. पोतं उघडं राहिलं तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून छोट्या डब्यांत भरून झाकणं घट्ट.

लोक परत यायला दोन आठवडे लागले. वास गेला तरी भरवसा लवकर येत नाही.

१४ जुलै

पाऊस सुरू झाल्यावर जंतू तपासायच्या एच२एस बाटलीत विहिरीचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काळं. पाणी काळं झालं म्हणजे जंतू आहेत. त्या आठवड्यात तीन दिवस ओटी टेस्ट झालीच नव्हती, वहीत रकाना रिकामा होता. कठडा नसल्यामुळे रस्त्यावरचं पाणी थेट विहिरीत जातं. तात्पुरती मातीची वरंब घातली, पावडरीचं माप वाढवलं, पाच दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा रंग बदलला नाही. काळी बाटली आणि वहीतला रिकामा रकाना, दोन्ही घेऊन पोरं ग्रामपंचायतीत गेली. रिकामा रकाना लपवावा असं एकाचं म्हणणं होतं. गटाने ऐकलं नाही, ते बरं केलं; कठड्याचं काम यादीत वर आलं.

१५ ऑगस्ट

ग्रामसभेत गटाने स्वतः अहवाल वाचला, मी मागे बसले होते.

झालेलं: विहीर चालू, मुख्य गावातली जवळपास निम्मी घरं प्यायला आणि स्वयंपाकाला तिचंच पाणी नेतात. दोन हातपंपांवर लाल अक्षरं. कठड्याचा अंदाज मंजूर, काम सुरू व्हायचं आहे. माहिती अधिकारातल्या तीनपैकी दोन अर्जांना उत्तर आलं, तिसऱ्यावर पहिलं अपील केलं आहे.

न झालेलं: पोड. विहीर पोडासाठी लांब आहे; त्या पाचजणी रोज दोन किलोमीटर चालणार नाहीत, चालूही नये. पोडासाठी नवीन बोअर पाडलं आहे, त्याचं पाणी तपासल्याशिवाय टाकी बांधू नका असा पोडावरच्या सगळ्या घरांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. नमुना पोडावरच्या मुलीने घेतला, निळ्या पट्टीचा कॅन, विसळून. अहवाल आलेला नाही. पाणी वाईट निघालं तर शुद्धीकरण केंद्रातून माणशी आठ ते दहा लिटर प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी मागायचं, आणि केंद्राची देखभाल कोण करेल ते अर्जातच लिहायचं, असं ठरलं आहे.

पुढची नमुना फेरी ऑक्टोबरमध्ये, वेचणी सुरू होण्याआधी. लाल पट्टीच्या बाटल्या प्रयोगशाळेकडे आत्ताच मागितल्या आहेत. वही या महिन्यात पोडावर आहे.